मागून येणारी गाडी

तिसऱ्या रेसला घोडे दाटीवाटीनं वळणावर आले तेव्हा मी नेहमीसारखा त्यांच्या मागे होतो, आणि मला नेहमीसारखी फक्त त्यांची ढुंगणं दिसत होती.

आमच्या रेसकोर्सवर घोडे सुटले की ट्रॅकच्या आतल्या बाजूला जो मातीचा रस्ता आहे त्यावरून अँब्युलन्स त्यांच्यामागे पळते. ती गाडी मी नोकरीभर चालवली. लोक उन्हात टाचा उंचावून जे बघायला धडपडतात ते माझ्यासमोर रोज घडायचं, पण उलट्या बाजूनं. अंगावर ढेकळं उडायची, काचेवर धूळ बसायची, आणि त्या टापांचा आवाज कानात नाही, बसायच्या सीटमधून यायचा. तो आवाज एकदा अंगात शिरला की माणूस कामातून जातो, हे मी शपथेवर सांगतो. पण कोण पुढे आहे हे बघायचा पगार मला नव्हता. कोण खाली पडलंय तेवढं बघायचं.

त्या दिवशी खाली पडली ती माझी मुलगी.

पुढच्या घोड्यानं अचानक आत झोक घेतला. मागच्याचे पुढचे पाय त्याच्या मागच्या पायांत अडकले आणि निळी टोपी हवेत गेली. निळी टोपी म्हणजे कालिंदी. घोडा लोळला, उठला आणि रिकाम्या पाठीनं इतरांमागे पळत सुटला. या जनावराची जातच तशी. पाठीवर माणूस असो नसो, बाकीचे पळाले की हा पळणार.

मी करकचून ब्रेक मारला. माझ्यासोबत स्ट्रेचर सांभाळणारा बबन असायचा. तो मागे धावला, पण गाडीच्या मागच्या दाराची कडी अडकली होती, आणि तो तिच्याशी शिव्या देत झगडत बसला. मी कठड्याच्या रेलखालून वाकून ट्रॅकवर गेलो. कालिंदी पालथी होती. निळ्या टोपीखालचं हेल्मेट डोक्यावर शाबूत, एक हात अंगाखाली. मी तिला हलवलं नाही, ते करायचं नसतं. गुडघे टेकून कानाशी हाक मारली.

"कालिंदे! ए कालिंदे!"

उत्तर नाही. मी पुन्हा हाक मारली. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या हिशेबानं वर्ष गेलं. मग तिनं डोळे उघडले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पलीकडे कुठंतरी बघत होते. आणि अगदी घरातल्या आवाजात ती म्हणाली, "आबा, आप्पांना चहा दिला का हो? दूध वर काढून ठेवलंय."

भर दुपारचं ऊन, ट्रॅकची माती तोंडात, आणि पोरगी आमच्या वानवडीच्या घरातल्या सकाळच्या वेळेत जाऊन बसलेली.

"दिला," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात तिच्या नजरेत दिवा लागल्यासारखं झालं. ती कुशीवर वळली, उठून बसली. "घोडं?"

"उठलं. पळालं."

"पाय?"

"चारी धड आहेत त्याचे. तू तुझे बघ."

तिनं हात झटकला, मान फिरवली, उभी राहिली. मी धरायला गेलो तर माझा हात बाजूला केला. एवढ्यात बबन स्ट्रेचर ओढत आला.

"ते ठेव परत," कालिंदी म्हणाली. "मी नाही बसणार गाडीत."

"अगं, नियम आहे," बबन म्हणाला.

"डॉक्टरकडे जायचा नियम आहे. झोपून जायचा नाही." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "आबा, पाचवीला रानवारी आहे माझी."

तिनं हेल्मेट काढून काखेत मारलं आणि ती चालू लागली.

रानवारीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील तुळशीराम डफळ, आमच्या भागातले नावाजलेले जॉकी होते. खटावकडून सईस म्हणून आले, घोड्यांची लीद उचलता उचलता घोड्यावर बसले. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा गुलनार नावाच्या घोडीवरून ते पडले. सहाव्या रेसला, सरळ ट्रॅकवर, आजूबाजूला दुसरं घोडं नसताना. कंबर मोडली. तेव्हापासून आप्पा खेकड्यासारखे तिरके चालायचे. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी सांगितलं, घोडी ठेचाळली. जॉकीचा शब्द तो. त्या एका वाक्यानं गुलनारचं वाटोळं झालं.

रेसच्या दुनियेत माणसाची चूक एका दिवसात विसरतात, घोड्याची चूक मात्र रक्तात जमा होते. घोडा पळाला तर त्याच्या आईचं नाव निघतं, नाही पळाला तरी तिचंच. गुलनार ठेचाळणारी ठरली म्हणताना मोठ्या स्टड फार्मनं तिला पैदाशीला घ्यायचं नाकारलं. फलटणकडच्या एका लहानशा फार्मच्या मालकानं लोकांचं ऐकलं नाही, त्यानं तिला नेलं. तिला एक शिंगरी झाली, त्या शिंगरीला पुढे शिंगरी. सगळ्या वाऱ्यासारख्या पळणाऱ्या, आणि कुणी विकत न घेतलेल्या. "ठेचाळणारं घराणं" म्हणून सगळे नाक मुरडायचे. रानवारी म्हणजे गुलनारची पणती.

ती दोन वर्षांची असताना विश्वासराव बर्ग्यांच्या पागेत आली. बर्गे साहेब मोठे ट्रेनर. त्यांच्याकडे कालिंदी नुकती शिकाऊ जॉकी म्हणून लागली होती. रानवारीवर बसायला एकही नावाजलेला जॉकी तयार होईना. कुणाची पाठ दुखायची, कुणाचं लग्नकार्य निघायचं. कालिंदी बसली. कारण मुलीला कुणी चांगलं घोडं देत नव्हतं, आणि त्या घोडीला कुणी चांगला जॉकी देत नव्हतं. दोघींनी मिळून दोन शर्यती मारल्या, तेव्हा त्याच जॉकींच्या पाठी एकदम बऱ्या झाल्या. लोबो नावाचा एक बर्ग्यांच्या मागेमागेच हिंडायला लागला. पण बर्गे म्हणाले, मोठ्या शर्यतीला कालिंदीच बसेल. ती मोठी शर्यत म्हणजे ही पाचवी. फक्त घोड्यांच्या माद्यांसाठीची, सीझनमधली सगळ्यात मानाची. ती जिंकणारी मादी उद्या कुठल्याही फार्ममध्ये राणीसारखी जाते.

मी कालिंदीच्या घोड्यावर बसण्याच्या पहिल्यापासून विरोधात होतो, हे आख्ख्या रेसकोर्सला माहीत होतं. बर्गे हसून म्हणायचे, "डफळ, रेसचं रक्त एक पिढी गाळून उतरतं. आजोबा जॉकी, नात जॉकी. मधे तुम्ही गाळलेले." मी म्हणायचो, "गाळलेलाच बरा. तुमची हाडं उचलायला कुणीतरी लागतंच की."

तर कालिंदी चालत निघाली. रेलच्या कडेकडेनं, सरळ ट्रॅकवरून, सगळ्या स्टँडसमोरून. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी टाकून तिच्यामागे. दुसरं करणार काय? पडलेल्या जॉकीला सोडून अँब्युलन्स जात नाही.

लोकांना आधी कळेना. मग हशा पिकला. एकजण ओरडला, "अगं बस की, बापाचीच गाडी आहे!" तिनं त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही. ताठ मान, मातीनं भरलेली विजार, हातात चाबूक. माझं इंजिन घुरघुरत होतं आणि मी तिची पावलं बघत होतो. एकदा ती किंचित डावीकडे गेली. मग सरळ झाली. ते फक्त मी बघितलं, कारण मी मागे होतो.

स्वस्तातल्या स्टँडच्या कठड्याशी आप्पा उभे होते. सीझनमधली एक रेस त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांनी काठी वर केली आणि बोंब ठोकली, "चल माझे वाघिनी!" कालिंदीनं चाबूक उचलून दाखवला. मग सगळा स्टँड टाळ्या वाजवायला लागला. खरं सांगतो, माझाही ऊर भरून आला. रागही आला, आणि दोन्ही एकाच वेळी आलं.

डॉक्टरांची खोली जॉकी रूमला लागून होती. डॉ. मायदेव शांत माणूस. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बोटामागे नजर फिरवायला लावली, एका पायावर उभं केलं. आज वार कोणता, कितव्या रेसला पडलीस, घोड्याचं नाव काय. तिनं खडाखडा सांगितलं. ते एक विचारायचे, ती दोन सांगायची.

"शुद्ध गेली होती का?"

"नाही."

डॉक्टर बबनकडे वळले. "तू काय बघितलंस?"

"मी कडी उघडत होतो साहेब. पोचलो तेव्हा ताई उभी होती."

मग ते माझ्याकडे वळले. "डफळ, पहिले तुम्ही पोचलात. शुद्धीवर होती का?"

दारात बर्गे साहेब उभे होते. त्यांच्या मागे लोबो, चेहऱ्यावर काही न दाखवता. बर्गे हळूच म्हणाले, "डफळ, विचार करून बोला. सीझन आहे पोरीचा."

मी कालिंदीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत विनवणी असती तर कदाचित मी विरघळलो असतो. पण विनवणी नव्हती. हुकूम होता.

"शुद्ध गेली होती," मी म्हणालो. "हाका मारल्या, उत्तर नव्हतं."

"खोटं!" कालिंदी खुर्चीवरून उठली. "आबा खोटं बोलतायत डॉक्टर. त्यांना मी घोड्यावर बसलेली नकोच होते. कुणालाही विचारा. बर्गे साहेब, सांगा ना!"

बर्गे म्हणाले, "ते खरं आहे. डफळांचा पहिल्यापासून विरोध आहे."

डॉक्टर आळीपाळीनं आमच्याकडे बघत होते. एका बाजूला सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला तिच्या वाटेत आडवा पडणारा बाप. तिसऱ्या माणसानं काय समजावं? मलाच ते खोटं वाटलं असतं.

"तिनं मला काय विचारलं ते सांगू?" मी म्हणालो. "आप्पांना चहा दिला का, म्हणाली. दूध वर काढून ठेवलंय म्हणाली. ट्रॅकवर, पालथी पडलेली असताना."

कालिंदीचा चेहरा कसनुसा झाला. तिला ते आठवत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. डॉक्टरांनाही दिसलं.

"तू असं म्हणालीस?" त्यांनी तिला विचारलं.

तिला चटकन नाही म्हणता आलं असतं. पण ती अडखळली, आणि ते अडखळणंच उत्तर झालं.

"आज नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि मी सांगेपर्यंत नाही."

बर्ग्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घोडीला विष घातलंय. मग वळून म्हणाले, "लोबो, चल." कालिंदीनं हातातला चाबूक टेबलावर ठेवला आणि माझ्या अंगावरून निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बरं झालं. मिळालं तुम्हाला हवं ते."

पाचव्या रेसला मी पुन्हा गाडीत. काम म्हणजे काम. घोडे सुटले. रानवारी सुरुवातीला मागे होती, म्हणून मला दिसली. ती काय पळत होती! बाकीचे घोडे जमीन मागे ढकलत पळतात, ती जमिनीला हातही लावत नव्हती. वळणावर लोबोनं तिला बाहेर काढलं आणि ती गेली. मग मला ती दिसली नाही, नुसता आवाज ऐकू आला. स्टँडमधून जो आवाज उठला तो ऐकून मला कळलं की गुलनारची पणती जिंकली.

पाठीवर माझी मुलगी नव्हती. मी स्टिअरिंगवर हात आपटला.

घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावर काठी आडवी धरून बसले होते. कालिंदी आत, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून. बायकोनं मला पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "खरं बोललात ते बरं केलंत. आता चार दिवस गप्प जेवा."

पण आप्पा गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

"आला का डायवर," ते म्हणाले. "जिकली रं घोडी. दुसऱ्याला पाठीवर घिऊन जिकली. माझी नात त्या घोडीवर असती तर माझ्या कंबरेचं उट्टं निघालं असतं. गुलनारनं मला पाडलं, तिच्या पणतीवर बसून माझ्या नातीनं जिकायचं, एवढंच मी मागत हुतो देवाकडं. तू ते बी हिसकावलंस."

"आप्पा, तिची शुद्ध गेली होती."

"मंग? माझी काय कमी येळा गेली? जॉकी हाय ती. तुला काय कळणार, कधी रेसला घोड्यावर ढुंगण टेकलंस का? भित्रा तू. पैल्यापासनं भित्रा. मी पडलो आन् तू शिकता शिकता घोडं सोडलंस."

मी इतकी वर्षं हे ऐकून घेतलं होतं. सणावाराला, पाहुण्यांसमोर, कालिंदी लहान असताना तिच्यासमोर. त्या संध्याकाळी नाही ऐकलं.

"मी भिऊन नाही सोडलं," मी म्हणालो. "मी खरं बोललो आणि तुमच्या लोकांनी माझं थोबाड फोडलं म्हणून सोडलं."

"काय बोलला हुतास?"

"गुलनार ठेचाळली नव्हती."

आप्पांची काठी हलायची थांबली.

"मी रेलला लागून उभा होतो, आप्पा. आजच्या कालिंदीसारखे तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या रेसला पडला होतात. उठलात, कपडे झटकलेत, कुणालाच काही सांगितलं नाही. आणि सहाव्या रेसला गुलनार सरळ पळत होती, एक पाय वेडावाकडा नाही. तुम्हीच पाठीवर डुलायला लागलात. झोप लागल्यासारखे. मग हातातून लगाम सुटला आणि एका बाजूला घसरत गेलात. घोडी उलट थांबली. मी हे त्या दिवशीच सांगितलं. तुमच्या दोस्तांनी मला कानफटात मारलं, बापाची लाज काढतो म्हणून. आणि तुम्ही खाटेवरून सांगितलंत, घोडी ठेचाळली."

बायको हातात तांब्या घेऊन तशीच उभी. स्वयंपाकघराच्या दारातून कालिंदी ओट्याच्या उंबऱ्यापर्यंत आलेली मला दिसली.

"आज ही रानवारीवरून तशीच घसरली असती तर?" मी म्हणालो. मला आता थांबता येत नव्हतं. "पोरीला चक्कर आली असं कुणी म्हणालं असतं? सगळा रेसकोर्स म्हणाला असता, बघा, गुलनारची पणती, ठेचाळली. हिची कंबर मोडली असती आणि त्या घोडीचं घराणं कायमचं बुडालं असतं. एका मुक्या जनावराच्या नावावर मी दुसऱ्यांदा खोटं चढू देणार नव्हतो. आणि भित्रा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. आख्ख्या रेसकोर्ससमोर माझ्या पोरीला उतरवायची माझी छाती झाली. तुमच्यातल्या एकाचीही तुम्हाला उतरवायची झाली नाही."

आप्पा काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. मग त्यांचा आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. लहान झालेला.

"येशा, मला त्या दिसाचं काय बी आठवत न्हाई रं."

"काय?"

"सकाळी पागंत गेल्यालं आठवतंय. मंग दवाखान्यातली खाट. मधलं कायच न्हाई. दुसऱ्या रेसचं बी न्हाई. लोक येऊन म्हनले, घोडी ठेचाळली असंल. मी म्हनलो, व्हय, ठेचाळली. मंग म्हनतच राहिलो. म्हनता म्हनता मलाच दिसाया लागलं तसं."

कालिंदी हे ऐकत होती. ती उंबऱ्यावर खाली बसली, आप्पांच्या पायाशी. तिनं एकदम कपाळावर हात नेला. तिलाही काही आठवत नव्हतं. ट्रॅकवर पडून बघितलेली ती सकाळ, तो चहा, ते दूध.

"कुठं गेली ती शेवटाला?" आप्पांनी विचारलं. "गुलनार?"

"फलटणकडं. विताना गेली."

"मी कधी इचारलं न्हाई." मग एकदम मान ताठ करून, पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "पर रानवारी ठेचाळली न्हाई."

"नाही."

"बघितलं का सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी बघितलं, आप्पा."

"मंग बास," ते म्हणाले, आणि काठी टेकून तिरके तिरके आत गेले. मला कुणी माफ केलं नाही, आणि मीही कुणाला केलं नाही. आमच्या घरात ते चालत नाही. त्या रात्री जेवायला मात्र सगळे एका पंगतीला बसलो, मान खाली घालून.

कालिंदीनं माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. पागेत जायची, घोडे धुवायची, बसायची परवानगी नव्हती म्हणून रानवारीला दोरीनं चालवत फिरवायची. घरात माझ्याशी बोलायचं झालं तर आईला सांगायची, "त्यांना म्हणावं, ताट वाढलंय." मी समोर बसलेला असायचो. मीही काही कमी नव्हतो. म्हणायचो, "तिला म्हणावं, दिसतंय मला."

डॉक्टरांनी तिला फिट ठरवलं त्याच आठवड्यात मला ऑफिसात बोलावणं आलं. क्लबचे सेक्रेटरी खुर्चीत आणि शेजारी बर्गे. मला बसायला सांगितलं नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"डफळ," सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याबद्दल काही तक्रार नाही. पण बर्गे साहेबांचं म्हणणं असं की बापानं मुलीमागे अँब्युलन्स चालवणं बरं दिसत नाही. भावना मधे येतात. तेव्हा ज्या रेसला कालिंदी असेल त्या रेसला दुसरा ड्रायव्हर राहील. तुम्ही त्या वेळी विश्रांती घ्या."

"भावना मधे आल्या असत्या तर मी खोटं बोललो असतो, साहेब," मी म्हणालो.

बर्गे म्हणाले, "डफळ, वाद नको. तुमच्यामुळे पोरीची शर्यत गेली. रानवारी पुन्हा तिच्या हाताखाली द्यायची तर मला डोकं शांत हवं."

"मला काढायचं तर काढा. पण मी खोटं बोललो म्हणून काढलं असं कुणी म्हणायचं नाही. तेवढं चारचौघांत सांगा."

"चारचौघांत म्हणजे कुठं?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी दाराकडे हात करायला मागे वळलो. दारात कालिंदी उभी होती. सकाळचं काम करून आलेली, गुडघ्यापर्यंत बूट, केसांत गवताची काडी. कधी आली होती कोण जाणे.

"दुसरा ड्रायव्हर कोण?" तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

बर्गे हसले. "ये, ये. तुझ्यासाठीच चाललंय सगळं. दुसरा कोणी का असेना, तुला त्रास देणार नाही. तू पडलीस आणि म्हणालीस मला काही झालं नाही, तर तो म्हणेल, काही झालं नाही. तू म्हणशील तेच सांगेल."

"म्हणूनच तो नको," कालिंदी म्हणाली.

बर्ग्यांचं हसू जागच्या जागी राहिलं.

"साहेब, पडल्यावर मी काय बोलते ते मला कळत नाही. मला वाटतं मी ठीक आहे. आमच्या आप्पांनाही वाटलं होतं. त्यांनी तीस वर्षं एका घोडीला शिव्या दिल्या." तिनं केसांतली काडी काढून टाकली. "आबा मागे नसतील तर मी पुढे बसणार नाही. रानवारीवर नाही, तुमच्या एकाही घोड्यावर नाही. लोबोला बसवा."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुमचं भांडण मिटलं म्हणायचं."

"नाही," कालिंदी म्हणाली.

"नाही," मीही म्हणालो.

सेक्रेटरींनी बर्ग्यांकडे बघितलं. बर्गे खिडकीबाहेर बघायला लागले. "ठीक आहे," सेक्रेटरी म्हणाले, "आहे तसंच चालू दे."

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात दोघंच. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली.

"मी अजून माफ केलेलं नाही हं तुम्हाला. ती शर्यत माझी होती. मरेपर्यंत माझीच राहणार."

"माफी मागितलीय कुणी?" मी म्हणालो.

ती टोपी डोक्यावर दाबून पागेकडे निघाली, आणि मी किल्ली घेऊन गाडीकडे.